रोमच्या कॅटॅकॉम्बमध्ये आईला आणि लहान मुलाला न्यावं का?

तुम्ही विचारलंय की रोममध्ये पाच दिवस आहात, सोबत 68 वर्षांच्या आई आणि दहा वर्षांचा मुलगा आहे, बुधवार मोकळा आहे. तर कॅटॅकॉम्ब, म्हणजे जमिनीखालची ख्रिस्ती दफनस्थळं, बघावीत का, आणि मुलगा हाडं बघून घाबरेल का?

जरूर न्या. हाडांची काळजी करू नका. कवट्या रचून ठेवलेल्या भिंती पॅरिसला आहेत. रोमला पर्यटकांना जो भाग दाखवतात तिथे रिकामे कोनाडे असतात. आठव्या-नवव्या शतकात हल्ल्यांच्या भीतीने पोपांनी संतांचे अवशेष शहरातल्या चर्चमध्ये हलवले आणि त्यानंतर ही जागा हळूहळू विसरली गेली.

आम्ही सासूबाईंना घेऊन सेंट कॅलिक्स्टसच्या कॅटॅकॉम्बमध्ये गेलो होतो. त्यांचे गुडघे दुखतात, आणि खाली उतरायला पायऱ्याच आहेत. त्या भिंतीच्या बाजूने सावकाश उतरल्या. खाली गेल्यावर तांबूस भिंतीकडे बघून म्हणाल्या, "हा तर आपला जांभा!" त्या कोकणातल्या, चिरेखाण बघतच वाढलेल्या. दगड वेगळा आहे, तो ज्वालामुखीच्या राखेचा, टफ नावाचा. पण गुण अगदी जांभ्याचा: खणताना मऊ, हवा लागली की टणक. म्हणून तर साध्या कुदळीने माणसं मजल्याखाली मजला खणत गेली. एकट्या या जागी बोगद्यांची लांबी सुमारे 20 किलोमीटर भरते.

इथे ख्रिस्ती लोक लपून राहायचे, असं पुष्कळ जण सांगतात. मला हे खोडून काढावंसं वाटतं, कारण त्यामुळे खरी गोष्ट झाकली जाते. रोमच्या कायद्याने शहराच्या हद्दीत दफन करायला बंदी होती, म्हणून स्मशानं हमरस्त्याच्या कडेला, वेशीबाहेर. ख्रिस्ती लोक दहन न करता पुरत, आणि जमीन महाग. मग खाली खणणं आलं. म्हणजे ही गावाबाहेरची दफनभूमीच. माणसं इथे आपल्या गेलेल्यांची आठवण करायला येत.

रेल्वेच्या बर्थसारखे कोनाडे एकावर एक आहेत. प्रेत कापडात गुंडाळून आत ठेवायचं आणि पुढे संगमरवराची लादी किंवा विटा चुन्याने बसवायच्या. चुना ओला असतानाच कुणी त्यात नाणं, शिंपला किंवा काचेचा तुकडा दाबून ठेवी, म्हणजे नाव कोरायची ऐपत नसली तरी आपलं माणूस ओळखू येई. आणि लहान कोनाडे फार आहेत. एक माझ्या कोपरापासून बोटांपर्यंतच्या लांबीचा होता. सासूबाई तिथे थांबल्या आणि त्यांनी हात जोडले. आमचा गट पुढे गेला, गाईड मात्र काही न बोलता त्यांच्यासाठी थांबली. त्या सहलीतलं मला सगळ्यात जास्त आठवतं ते हेच.

मुलाला आधी द रॉसीची गोष्ट सांगून ठेवा. 1849 मध्ये या पुरातत्त्वज्ञाला तिथल्या द्राक्षमळ्यात संगमरवराचा एक तुकडा मिळाला, त्यावर कोर्नेलियस या पोपच्या नावाचा शेवटचा भाग होता. पुढे खणताना जमिनीखाली उरलेला तुकडा सापडला, आणि 1854 मध्ये तिसऱ्या शतकातल्या पोपांचं दालनच उघडं झालं. शेजारीच धर्मासाठी मारल्या गेलेल्या संत सिसिलियाची मूर्ती आहे, स्तेफानो मादेर्नोने 1600 मध्ये घडवलेल्या मूर्तीची प्रतिकृती. कुशीवर पडलेली, तोंड फिरवलेलं, मानेवर घावाची खूण. तिच्या एका हाताची तीन बोटं आणि दुसऱ्याचं एक बोट उघडं आहे: तीन रूपं, एक देव. बोटं मुलालाच शोधू द्या.

खाली बारा महिने साधारण 15-16 अंश असतं, तेव्हा आईंसाठी शाल आणि चांगली पकड असलेल्या चपला-बूट घ्या. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. फोटो काढू देत नाहीत, एकट्याने फिरता येत नाही, गाईडबरोबर पाऊणएक तास लागतो. बोगदे अरुंद आहेत. आईंना बंद जागेत घुसमटत असेल तर त्यांना वर सरूच्या झाडांखाली बसू द्या, आग्रह करू नका.

आता तुमचा बुधवार. त्या दिवशी कॅलिक्स्टस बंद असतं. पण त्याच रस्त्यावर, म्हणजे अप्पियन या जुन्या रोमन हमरस्त्यावर, चालत जाण्याइतक्या अंतरावर सेंट सेबॅस्टियनचं कॅटॅकॉम्ब आहे. तिथल्या खळग्यांवरून या जागेला पडलेलं नावच पुढे सगळ्या कॅटॅकॉम्बना लागलं. तिथे गिलाव्याची एक भिंत आहे. तिसऱ्या-चौथ्या शतकात आलेल्या लोकांनी तिच्यावर टोकदार वस्तूने ओरखडून आपापली नावं लिहिली आहेत आणि पीटर आणि पॉल या संतांना विनवलंय, आमच्यासाठी प्रार्थना करा. अशा ओळी सहाशेहून जास्त आहेत. बुधवारी त्या भिंतीसमोर जरा जास्त वेळ थांबा.