परभणीच्या उन्हात लिक्विड कूलर बसवताना

भाऊ, तुमचं काम लग्नाच्या व्हिडिओंचं एडिटिंग, प्रोसेसर रायझन ७ ७७००एक्स, एक्सपोर्ट लावलं की तापमान थेट ९५ अंश. म्हणून २४० मिमीचा लिक्विड कूलर (पंपाने पाणी फिरवून प्रोसेसर थंड करणारा) घेतलाय, तो घरीच बसवता येईल का आणि त्यातलं पाणी कधी बदलायचं, असे तुमचे दोन प्रश्न आहेत. घरी नक्की बसवता येईल. पण घाई करू नका, आणि एकदा नीट समजून घ्या की ९५ ही या चिपला ती बनवणाऱ्या एएमडीनेच आखून दिलेली मर्यादा आहे. तिथे पोचली की ती स्वतःच वेग कमी करते, जळत नाही.

आपल्याकडे खरा प्रश्न खोलीतल्या हवेचा. रेडिएटर, म्हणजे पंखे लागतात तो पाणी थंड करणारा जाळीचा भाग, कितीही मोठा घ्या, खोलीच्या हवेपेक्षा पाणी थंड होणार नाही. मे महिन्यात बाहेर ४२-४३ आणि पत्र्याखालची खोली असेल, तर पुण्यातल्या कुणी टाकलेल्या आकड्यांशी आपली तुलना करून जीव जाळू नका. खोलीत पाण्याचा कूलर लावत असाल तर चांगलंच, फक्त त्याची ओली हवा थेट कॅबिनेटवर येऊ देऊ नका.

आता सगळ्यात महत्त्वाचं. रेडिएटर कुठे बसवायचा ते स्क्रू हातात घेण्याआधी ठरवा. सीलबंद कूलरमध्येही थोडी हवा असतेच, वर्षागणिक नळ्यांतून किंचित पाणी उडतं तशी ती वाढते. ही हवा सगळ्यात उंच जागी जाऊन बसते. ती जागा पंप (प्रोसेसरवर बसतो तो भाग) असली तर पंप खरखरतो आणि लवकर मरतो. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: कॅबिनेटच्या छताला बसवा, पंखे हवा बाहेर फेकतील असे. ग्राफिक्स कार्डाची गरम हवा त्यातून जाते हे खरं, तरी मी हेच करेन. छताला जागा नसेल तर पुढे, पण रेडिएटरचं वरचं टोक पंपाच्या वर हवं, आणि नळ्या पुरत असतील तर त्या खालच्या बाजूला. तळाला कधीच नको. रेडिएटर साधारण २७ मिमी आणि पंखा २५, म्हणजे ५२ मिमी जागा लागते. उंच रॅम असेल तर ती आडवी येते, आधी पट्टीने मोजा.

जुना कूलर काढण्याआधी पीसी थोडा वेळ चालवा, प्रोसेसर आणि कूलरमधली उष्णता वाहून नेणारी पेस्ट मऊ होते. मग बंद करून, प्लग काढून, कूलर हलकेच डावी-उजवीकडे फिरवत सोडवा. एएम५ बोर्डावर (तुमचा प्रोसेसर बसतो त्या सॉकेटच्या मदरबोर्डावर) वरच्या दोन प्लास्टिकच्या पट्ट्या काढायच्या, मागची प्लेट तशीच राहू द्यायची. तांब्याच्या तळावरची पारदर्शक फिल्म काढली का, हे दोनदा बघा. तळाला पेस्ट लावूनच आली असेल तर वरून आणखी लावू नका. नसेल तर वाटाण्याएवढी पुरे. या चिपच्या झाकणाला कडेने खाचा आहेत, जास्तीची पेस्ट तिथे जाऊन बसते आणि पुसता पुसता नाकी नऊ येतात. स्क्रू तिरप्या क्रमाने, प्रत्येकाला थोडे थोडे फेरे देत आवळा.

पंपाची वायर बोर्डावरच्या पंपाच्या हेडरला (वायर जोडायच्या पिनांना), वेग कायम पूर्ण. पंख्यांची वायर सीपीयू फॅनच्या हेडरला, तो रिकामा राहिला तर बहुतेक बोर्ड सुरू होतानाच एरर देतात.

पहिल्यांदा सुरू केल्यावर बायोसमध्येच (विंडोजच्या आधी येणाऱ्या बोर्डाच्या सेटिंग्जमध्ये) थांबा. थोडा गुळगुळ आवाज येईल, तो जातो. पण मिनिटा-दोन मिनिटांत तापमान ८०च्या वर पळालं तर लगेच बंद करा. पंपाला वीज मिळत नसेल किंवा फिल्म तशीच राहिली असेल. सगळं ठीक असेल तर बायोसमध्ये ६५ वॅटचा इको मोड (प्रोसेसरला कमी वीज देणारी सेटिंग) लावून एक एक्सपोर्ट करून बघा. वेळ थोडाच वाढतो, उष्णता मात्र बरीच कमी होते. उन्हाळ्यात तरी मी तोच ठेवा म्हणेन.

राहिला पाण्याचा प्रश्न. ते बदलायचं नसतं. कूलर सीलबंद आहे, उघडून बोअरचं पाणी भरायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, क्षारांनी आतल्या बारीक खाचा बुजतील. राशीच्या, म्हणजे मळणीच्या दिवसांत धूळ फार उडते, तेव्हा पंखा बोटाने धरून ब्लोअरने रेडिएटर साफ करत जा. काही वर्षांनी पंपाचा आवाज वाढला आणि साफ करूनही तापमान उतरेना, तर अख्खा कूलरच बदलायचा.