मॉन्टेरेला पहिल्यांदा स्कूबा डाइव्हिंगला उतरताय तर

सॅन कार्लोस बीच नवख्यांना बरा, गाइडही मिळतात, पण मालवण-गोव्याचं कोमट पाणी डोक्यातून काढा. कॅलिफोर्निया असलं तरी इथे उन्हाळ्यातसुद्धा पाणी साधारण १२-१५ डिग्रीच, त्यामुळे ७ एमएम जाडीचा वेटसूट (डाइव्हिंगचा रबरी सूट) आणि हूड (डोक्यावरची रबरी टोपी) हवाच, आणि सूट घट्टच बसायला हवा, आरामदायक म्हणून सैल घेतलात तर आत गार पाणी खेळत राहतं आणि तुम्ही कुडकुडत बाहेर.

- उतरण्याआधी थोडा वेळ नुसत्या लाटा बघा, मोठ्या येऊन गेल्या की मगच आत.
- केल्पमध्ये (समुद्रात उंच वाढणारं शेवाळ) पाय अडकला की सगळे हातपाय झाडतात आणि अजूनच गुंडाळले जातात. थांबा, देठ वाकवून कट्कन मोडा, नुसता ओढून तुटत नाही तो.
- सी लायनच्या (सीलसारखा समुद्री प्राणी) मागे लागू नका, त्यांना वाटलं तर येतात.

कॅमेरा, खोल डाइव्ह वगैरे नंतर बघू.