डेकखालचा ऑटोपायलट बसवताना

प्रश्न : आमच्या शिडाच्या नौकेवर चाकाला जोडलेला ऑटोपायलट (ठरवलेल्या दिशेने नौका आपोआप नेणारे यंत्र) आहे, मागून लाटा येऊ लागल्या की तो हतबल होतो. डेकखालचा ऑटोपायलट स्वतः बसवता येईल का?

उत्तर : येईल, पण खरे काम विजेच्या जोडणीचे नसून बळकटीचे आहे. डेकखालचा रॅम, म्हणजे पुढे-मागे सरकून सुकाणू वळवणारा ऑटोपायलटचा दट्ट्या, स्वतंत्र आर्मद्वारे (आडव्या भुजेद्वारे) थेट सुकाणू ज्यावर फिरते त्या दांड्याला जोडावा. म्हणजे चाकापासून सुकाणूपर्यंत जाणारी तार तुटली तरी ऑटोपायलट नौका वळवू शकतो, आणि माझ्या मते या खर्चाचे सर्वांत मोठे समर्थन हेच आहे. रॅमची निवड नौकेच्या रिकाम्या वजनावरून न करता पाणी, इंधन व सामान भरल्यानंतरच्या वजनावरून करावी. त्याचा जोर प्रचंड असतो, म्हणून ज्या फळीवर तो बसेल ती फायबरग्लासच्या थरांनी नौकेच्या सांगाड्याशी एकजीव केलेली असावी. नुसत्या स्क्रूंवर विसंबणे धोक्याचे आहे. सुकाणू मध्यावर असताना रॅम आणि आर्म यांच्यात काटकोन हवा, तसेच रॅमची धाव संपण्याआधीच सुकाणू आपल्या पक्क्या अडथळ्यांवर थांबले पाहिजे, अन्यथा मोठ्या लाटेचा धक्का रॅमच झेलेल.

होकायंत्राचा सेन्सर इंजिन, स्पीकर आणि लोखंडी वस्तूंपासून दूर, नौकेच्या मध्याजवळ ठेवावा. १२ व्होल्टच्या जोडणीत लांब तारेमुळे विजेचा दाब (व्होल्टेज) घटतो, त्यामुळे तार उत्पादकाने सांगितलेल्या जाडीची घ्यावी. होकायंत्राचे अंशांकन (कॅलिब्रेशन) शांत पाण्यात करावे.