फुटबॉलच्या कोचने गोल्फही शिकवावा का?

प्रश्न: माझा मुलगा पुण्यातल्या एका खासगी शाळेत क्रीडाशिक्षक आहे. त्याचं बीपीएड झालंय, फुटबॉल महासंघाचं डी लायसन्स, म्हणजे कोचिंगचा सुरुवातीचा परवाना, आहे आणि त्याची चौदा वर्षांखालची टीम छान खेळते. आता शाळेने गोल्फ सुरू करायचं ठरवलंय आणि तोही त्याच्याच गळ्यात घातलाय. माझी बहीण टेक्सासला असते. ती म्हणते, तिकडच्या शाळांत एकच कोच फुटबॉल आणि गोल्फ दोन्ही बघतो, गावात त्याला मोठा मान असतो. मला मात्र वाटतं, ना धड हे, ना धड ते असं व्हायचं. यात खरंच करिअर होतं का?
— एक आई, कोथरूड

उत्तर: ताई, होतं. मी कॅम्पातल्या शाळेत वर्षानुवर्षं फुटबॉल शिकवला आणि चाळिशीनंतर गोल्फही शिकवला, म्हणून हे खात्रीने सांगतो.

बहिणीचं म्हणणं बरोबर आहे, फक्त तिकडचा फुटबॉल वेगळा, हेल्मेट घालून लांबट चेंडूने खेळायचा. टेक्सासमध्ये तो ऑगस्टपासून हिवाळ्याच्या तोंडापर्यंत चालतो आणि शालेय गोल्फ वसंतात असतो, म्हणून एका माणसाला दोन्ही जमतं. हा कोच बहुतेक वेळा वर्गात एखादा विषयही शिकवतो. साउथ कॅरोलिनातल्या समरव्हिल हायस्कूलचे जॉन मकिसिक १९५२ पासून २०१४ पर्यंत तिथे फुटबॉलचे मुख्य कोच होते. त्यांच्या नावावर ६२१ विजय आहेत. मला त्या आकड्यापेक्षा ते एकाच शाळेत राहिले याचं मोल जास्त वाटतं. आपल्याकडे पाचवीतली पोरं दहावीला पोचेपर्यंत चांगला कोच टिकतच नाही, कारण पगार तिथेच अडकलेला असतो.

आपल्याकडे दोन खेळांची वाटणी पाऊसच करून देतो. सुब्रतो कप आणि जिल्हा क्रीडा कार्यालयाच्या फुटबॉल स्पर्धा पावसाळ्याच्या सुमारास येतात. गोल्फला ऑक्टोबरनंतरची कोरडी हवा चांगली. सुरुवातीला येरवड्याच्या गोल्फ क्लबवर जायची घाई नको. शाळेच्या मैदानावर पटिंग (चेंडू जमिनीवरून हळू भोकाकडे ढकलणं) आणि चिपिंग (जवळून मारलेला छोटा, उचललेला फटका) भरपूर होतं. प्रौढांची जुनी सेव्हन आयर्न, म्हणजे मधल्या अंतरासाठीची गोल्फची काठी, घेऊन दांडा कापून घ्यावा, म्हणजे सहावीच्या मुलालाही पेलते. पूर्ण फटका मारायचा तर जाळीत किंवा प्लॅस्टिकच्या चेंडूने. मुलं एका रांगेत उभी हवीत, आणि सगळ्यांचे फटके संपल्याशिवाय कुणीही पुढे चेंडू आणायला जायचं नाही. खरा चेंडू डोक्याला लागला तर काय होईल हे वेगळं सांगायला नको.

आता मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. गोल्फच्या नियमांनुसार फेरी चालू असताना एकटा खेळणारा खेळाडू फक्त आपल्या कॅडीचा, म्हणजे त्याच्या काठ्यांची पिशवी वाहणाऱ्या मदतनिसाचा, सल्ला घेऊ शकतो. संघाच्या स्पर्धेत सल्लागार नेमायची मुभा कधी कधी देतात, पण शाळेच्या कोचला बहुतेक वेळा गप्पच राहावं लागतं. माझ्या टीममधल्या नववीच्या एका मुलीचा चेंडू झाडांत गेला. समोर दोन बुंध्यांच्या मध्ये हातभर फट, पलीकडे ग्रीन, म्हणजे भोकाभोवतीची बारीक कापलेली हिरवळ. तिने माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. ती बराच वेळ उभी राहिली, मग बाजूला वळली आणि चेंडू आडवा मारून मोकळ्या जागेत काढला. एक फटका जास्त लागला, पण तो निर्णय तिचा होता. असा विचार करणारी मुलं सरावातच तयार करावी लागतात, कारण सामन्यात कोचच्या हातात काही उरत नाही.

हेच मी फुटबॉलमध्ये आणलं. सरावात शिट्टी वाजवून खेळ थांबवायचा आणि हाफबॅकला (मधल्या फळीतल्या खेळाडूला) विचारायचं, ‘तुला आत्ता कोण मोकळा दिसत होता?’ उत्तर द्यायचं नाही, त्यालाच शोधू द्यायचं. शिवाजीनगरला एसएसपीएमएसच्या मैदानावर चिखलात सामने चालायचे, पालक कडेने ओरडायचे, तेव्हा माझी पोरं एकमेकांशी बोलून जागा बदलत. मला त्यांचा फार अभिमान वाटायचा. तुमच्या मुलाला गोल्फ हे शिकवेल, आणि त्याचा फायदा आधी त्याच्या फुटबॉलच्या टीमला होईल.

पात्रतेचं म्हणाल तर फुटबॉलमध्ये त्याने आता सी लायसन्सकडे, म्हणजे डीच्या पुढच्या पायरीकडे, जावं. गोल्फमध्ये इंडियन गोल्फ युनियनच्या नॅशनल गोल्फ अकादमीचे शिकवणाऱ्यांसाठी कोर्स असतात, ते करावेत. नुसता स्वतःला खेळ येणं पुरत नाही. टोकियो ऑलिंपिकमध्ये अदिती अशोक चौथी आली, पुण्याचा उदयन माने तिथे खेळला. तेव्हापासून पालकांचे कान टवकारलेत, शिकवणारे मात्र कमीच आहेत.

शाळेशी बोलणं त्यानेच करावं, तुम्ही नको. गोल्फचे तास त्याच्या आताच्या तासांत धरणार की वर लादणार, वेगळं मानधन किती, क्लबवर न्यायची गाडी आणि मुलांचा विमा कोण बघणार, कोर्सची फी कोण भरणार, हे सगळं त्याने लेखी घ्यावं. नव्या वर्षाचं वेळापत्रक लागण्याआधी हे झालं पाहिजे. शाळा ‘नंतर बघू’ म्हणाली, तर गोल्फ त्याने पुढच्या वर्षावर ढकलावा आणि तोवर सी लायसन्स पूर्ण करावं.