शरदाच्या सुरुवातीला परसबागेत काय पेरावे, कशासाठी थांबावे?

प्रश्न: ऋतू पालटतो आहे, वाफे रिकामे झाले आहेत. आता लगेच काय पेरता येईल? गाजराचे बी दरवेळी धड उगवत नाही आणि फुलकोबीला लिंबाएवढेच गड्डे धरतात, ते कशामुळे?

उत्तर: पेरणीचा दिवस मातीवरून ठरवा. मूठभर माती दाबून गोळा करा. बोटाने ढकलताच तो फुटला तर वाफसा आला समजा. चिकटून राहिला तर थांबा, चिखलात टाकलेले बी कुजते. वाफसा आला की चौरस मीटरला दोन-तीन किलो चांगले कुजलेले शेणखत मिसळून घ्या.

मेथी, कोथिंबीर, पालक, मुळा लगेच पेरायला हरकत नाही. सगळे एकदम पेरू नका. दर दहा-बारा दिवसांनी एकेक वाफा पेरलात तर भाजी सलग मिळत राहते. धणे हलके रगडून दोन फाकी करा, रात्रभर भिजवा आणि मग पेरा, उगवण एकसारखी होते. पालकाला मात्र तापलेली माती चालत नाही. उष्णता 30 अंशांच्या वर असेल तर उगवण घटते, तेव्हा दुपारच्या सावलीतला वाफा त्याला द्या.

आता गाजर. बी नाजूक, उगवायला एक ते तीन आठवडे घेते. एवढ्या दिवसांत वरची माती एकदा जरी वाळून तिची खपली धरली, तरी कोंब आतच मरतो. म्हणजे बहुतेक वेळा बियाण्याचा दोष नसतो, पाणी चुकलेले असते. बी अर्धा ते एक सेंटिमीटर खोल पेरा, वर चाळलेले कंपोस्ट भुरभुरा आणि ओले गोणपाट अंथरा. चौथ्या-पाचव्या दिवसापासून रोज गोणपाट उचलून पाहा. पहिले हिरवे टोक दिसले की त्याच संध्याकाळी ते काढा. एक दिवस उशीर झाला तरी रोपे पिवळी, लांबट होतात. ओळीत अधूनमधून मुळ्याचे बी टाकावे, हा माझा आवडता उपाय. मुळा चार-पाच दिवसांत वर येतो, खपली फोडतो आणि खुरपताना गाजराची ओळ कुठे आहे तेही दाखवतो. गाजर बोटभर वाढेपर्यंत तो काढणीला येतो. गाजराच्या वाफ्यात ताजे शेणखत किंवा खडे नकोत, मुळाला फाटे फुटतात. रोपे उपटून दुसरीकडे लावण्याच्या फंदातही पडू नका. विरळणी मात्र वेळेवर करा, दोन रोपांत चार-पाच सेंटिमीटर अंतर राहू द्या.

फुलकोबीच्या बारीक गड्ड्यांचे मुख्य कारण जात आणि वेळ यांची फारकत. लवकर येणाऱ्या, मध्यम आणि उशिराच्या अशा तिच्या जाती तापमानानुसार वेगळ्या असतात. लवकरची जात थंडीत लावली तर रोप वाढण्याआधीच गड्डा धरते. उशिराची घाईने लावली तर नुसता पाला वाढत राहतो. म्हणून पाकिटावरचा लागवडीचा काळ वाचल्याशिवाय बी घेऊ नका. दुसरे कारण म्हणजे जुनी रोपे. चार-पाच आठवड्यांचे रोप लावा, वाफ्यात रेंगाळून खोड कडक झालेले टाकून द्या.

फुलकोबी, कोबी आणि कांद्याची रोपे गादीवाफ्यावर करा, दहा-पंधरा सेंटिमीटर उंच. बी दाट फेकू नका, ओळीत पेरा आणि झारीने सकाळी पाणी द्या. रोपाची मान जमिनीलगत बारीक, पाणचट होऊन ते आडवे पडले तर ती रोपमर. अशी रोपे मातीसकट काढा, पाणी कमी करा, उरलेली विरळ करा. पुढच्या वेळी बियाण्याला ट्रायकोडर्मा, म्हणजे रोगाच्या बुरशीला रोखणारी उपयोगी बुरशी, चोळूनच पेरा. पुनर्लागवड संध्याकाळी.

वाटाणा आणि लसूण यांची घाई नको. उष्ण, ओल्या मातीत वाटाण्याचे बी कुजते, फुलोऱ्यात उष्णता सापडली तर फुले गळतात. रात्री गार वाटू लागल्यावर तो पेरा. लसणाचेही तसेच. त्याच्या बाहेरच्या, भरदार पाकळ्या सालीसकट, टोक वर ठेवून दोन-तीन सेंटिमीटर खोल आणि दहा सेंटिमीटरवर लावा.

वांगी-मिरची उपटावी का, असेही काहींनी विचारले आहे. झाड निरोगी असेल तर राहू द्या. रोगट, वाळक्या फांद्या छाटा, बुडाशी शेणखत द्या. पाने बोकडलेली, आखडलेली असतील तर मात्र मुळासकट काढून बागेबाहेर टाका.