शिवराई इतकी वेडीवाकडी का?

प्रिय बाळा,

तू पाठवलेल्या फोटोत तांब्याची दोन नाणी शेजारी आहेत. एक ईस्ट इंडिया कंपनीचा १७९१ चा पैसा, अगदी गोल आणि रेखीव. दुसरी पेशवाईतली शिवराई, जाडजूड, कडा वाकड्या, अक्षरं अर्धवट. दोन्ही एकाच काळातली कशी, आणि आपले लोक तेव्हा इतके मागे होते का, असं तू विचारलंस. काळ तू बरोबर वाचला आहेस.

तो गोल पैसा मुंबईत वापरायचा असला तरी पाडला होता इंग्लंडात, बर्मिंगहॅमजवळ मॅथ्यू बोल्टनच्या सोहो टांकसाळीत. एका बाजूला कंपनीची खूण आणि साल, दुसऱ्या बाजूला तराजू. तिथे वाफेवर चालणारी यंत्रं होती. पत्रा लाटून एकसारख्या जाडीचा करायचा, त्यातून चकत्या कापायच्या आणि चकती कड्यात बसवून दाबायची. दाबाखाली तांबं पसरतं, पण कडं त्याला बाहेर जाऊ देत नाही, म्हणून प्रत्येक नाणं सारखंच गोल.

शिवराईला असं कडं नव्हतं. हाताने नाणं पाडायची रीत अशी: तांब्याच्या कांबीचे छिन्नीने तुकडे करायचे, तोलायचे, जास्त भरला तर कोपरा छाटायचा. मग तुकडा तापवून ठोकून चपटा करायचा. खालचा ठसा ऐरणीत पक्का बसवलेला, वरचा हातात धरलेला, मधे तुकडा, आणि वरून घणाचा घाव.

अक्षरं कापली जातात ती इथे. ठशावरचा मजकूर बऱ्याचदा तुकड्यापेक्षा मोठा असायचा. एका बाजूला तीन ओळींत ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला दोन ओळींत ‘छत्र पति’. तुकडा जिथे सरकेल तिथला भाग उमटला, उरलेला ठसा हवेत राहिला. म्हणून एका शिवराईवर ‘श्री’ पूर्ण मिळते, तर दुसरीवर नुसता तिचा वेलांटीचा शेपटा. घाव तिरका बसला तर एक बाजू खोल, दुसरी पुसट. पहिल्या घावानंतर तुकडा हलला आणि दुसरा घाव बसला तर अक्षरं दुहेरी. ठशाला तडा गेला की त्या फटीत तांबं शिरतं आणि नाण्यावर उंच रेघ येते. ती ओरखड्यासारखी खोल नसते, बोट फिरवून फरक ओळख. कोरणाऱ्याला ठशावर अक्षरं उलटी कोरावी लागतात. तो चुकला की नाण्यावर उलटं अक्षर येतं, आणि अशा शिवराया खरंच सापडतात. ‘सिव’, ‘सीव’, ‘शीव’ असे लिहिण्यातले फरक तर कितीतरी.

आता ‘मागे होते का’ याबद्दल. इंग्लंडात हातोडा कायमचा बाजूला ठेवला गेला १६६२ मध्ये, म्हणजे रायगडावरच्या राज्याभिषेकाच्या फक्त १२ वर्षं आधी. पुढे फरक वाढत गेला, हे खरं. पण आपल्या बाजारात नाण्याची किंमत ठरायची वजनावर आणि धातूच्या कसावर. सराफ नाणं तोलायचा, पारखायचा आणि कमी भरलं तर बट्टा लावायचा. गोलाईला वेगळा भाव नव्हता, मग त्यासाठी महागडं यंत्र कुणी कशाला आणावं? टांकसाळी मक्त्याने दिल्या जात, आणि मक्तेदाराला ऐरण, घण, भट्टी आणि चांगला कोरणारा एवढ्यावर काम भागवता येई.

महाराजांचा स्वतःचा विचारही हाच दिसतो, आणि मला तो फार मोलाचा वाटतो. १६७४ मध्ये राज्याभिषेकाच्या वेळी हेन्री ऑक्झेंडेन कंपनीच्या मागण्या घेऊन रायगडावर आला. आमचं नाणं तुमच्या राज्यात चालावं, ही त्यातली एक. उत्तराचा आशय असा: त्यासाठी कलम घालायची गरज नाही. मी कुठल्या नाण्याला बंदी करत नाही, पण ज्यात रयतेचं नुकसान होईल असं नाणं घ्यायची सक्तीही करणार नाही. तुमचं नाणं मोगलांच्या नाण्याइतकं शुद्ध आणि वजनदार असेल तर आपोआप चालेल.

शिवराई जुनी वाटण्याचं दुसरं कारण तिच्यावरचं नाव. महाराज १६८० मध्ये गेले, तरी ‘श्री राजा शिव’ हा मजकूर पेशवाईतही पाडला जात राहिला. त्यामुळे नावावरून साल ठरवू नकोस. ओळींच्या मधे दोन समांतर रेघा दिसल्या तर ती ‘दुदांडी’ शिवराई, म्हणजे उशिराची, पेशवाईतली. कंपनीने १८३५ मध्ये सगळीकडे एकसारखी नाणी आणली, त्यानंतरही एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत शिवराई बाजारात फिरत होती.

कधी शिवराई हातात आली तर खिडकीपाशी धर आणि उजेड बाजूने, अगदी तिरका पडू दे. पुसट काना-मात्राही वर येतात. कडेवर सभोवार साच्याच्या जोडाची शिवण असेल, पृष्ठभागावर बारीक खड्डे असतील आणि अक्षरांच्या कडा मेणासारख्या गोलसर असतील, तर ती ओतीव नक्कल असण्याची शक्यता मोठी. आणि देवाची भांडी घासतो तशी चिंच-मीठ लावून ती मुळीच घासू नकोस. वरचा तपकिरी थर शे-दोनशे वर्षं तयार होत होता, तो घासला की त्याच्याबरोबर अक्षरंही झिजतात आणि नाणं पारखणाऱ्याला मग फार थोडं सांगता येतं.

तुझा,
बाबा