‘चूल चेतीव’ आणि ‘चेतावणी’

प्रश्न असा : पुराच्या बातमीत ‘नागरिकांना चेतावणी’ असं वाचलं. घरी आजी ‘चूल चेतीव’ म्हणते. मग ‘पोरांना कुणीतरी चेतवलं’ म्हणजे सावध केलं की भडकावलं?

भडकावलं. मराठीत चेतणे म्हणजे पेट घेणे आणि चेतवणे म्हणजे पेटवणे. माणसांना पेटवण्याचा अर्थ त्यातूनच आला. मूळ धातू संस्कृत ‘चित्’, म्हणजे जाणणे, भान असणे. चित्त, चेतना, अचेतन ही त्याचीच भावंडं. हिंदीनं भानाचा अर्थ धरला, म्हणून तिकडे सावध करणारी ती चेतावनी. आपण विस्तव धरला.

भानातून विस्तव कसा निघाला? आपल्याकडे अग्नी पेटतो तसा जागाही होतो. ऋग्वेदाच्या पाचव्या मंडलाची सुरुवातच ‘अबोध्यग्निः समिधा जनानाम्’ अशी आहे : लोकांच्या समिधांनी अग्नी जागा झाला. धातू तिथे ‘बुध्’ आहे, पण कल्पना हीच. आणि वेदापर्यंत कशाला जायचं, आजीची चूल बघा. रात्री राखेखाली झाकलेला आर पहाटे उकरायचा, वर शेणीचा तुकडा ठेवायचा, फुंकणीनं हळू फुंकायचं. निजलेल्याला उठवावं तसंच ते. ‘पेटव’मध्ये नुसती काडी ओढली तरी भागतं, ‘चेतव’मध्ये आत ऊब आधीपासून आहे, असं मला नेहमी वाटतं.

म्हणूनच चेतवणे आणि चिथावणे एक नव्हेत. चिथावणी वाईटच, कुणी ‘अभ्यासाला चिथावलं’ म्हणत नाही. चेतवणं दोन्हीकडे चालतं. दंगलीसाठी जमाव चेतवतात, तसा स्वाभिमानही चेतवतात. कुस्तीच्या मैदानात हलगीवाला आधी हलगी जाळावर शेकून घेतो, कातडं ताणलं की टिपरी बसते, आणि त्या कडकडाटानं पैलवान चेततो. शब्दाचे दोन्ही अर्थ तिथे हातभर अंतरावर दिसतात.

राहिली ‘चेतावणी’. ती हिंदीतून आली आहे, आणि आपल्या ‘चेतवणे’शी घोटाळा करते. तिची गरज कोल्हापूरकरांना तरी नसावी. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा 39 फुटांवर गेली की आपण सगळे म्हणतोच, ‘इशारा पातळी गाठली.’